जुनी रेकॉर्ड तिच्या कव्हरपासून वाचवण्याची शास्त्रोक्त पद्धत

कव्हर हे रेकॉर्डच्या रक्षणासाठी असतं, हा गैरसमज संग्राहकाने आधी सोडावा. १९६७ ते १९८० दरम्यान इंग्लंड-अमेरिकेत निघालेल्या काही कव्हरांनी रेकॉर्डशी, शेजाऱ्यांशी आणि मालकाशी उघड वैर धरलं आहे. नियम पुढीलप्रमाणे :

१. 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' (१९६७) : कव्हरवर अँडी वॉरहॉलचं पिवळं केळं. ते सावकाश सोलावं, अशी सूचना शेजारीच छापलेली आहे. सोललं तर आतलं गुलाबी केळं दिसतं आणि प्रतीची किंमत घसरते. सबब, सूचना आदराने वाचावी आणि हात खिशात घालावेत.

२. 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) : पुन्हा वॉरहॉल. जीन्सच्या फोटोला खरीखुरी धातूची झिप. गठ्ठ्यात ती शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुते आणि 'सिस्टर मॉर्फीन' या गाण्यावर पोचा पडे. त्यावर निघालेला तोडगा असा : झिप निम्मी खाली ओढूनच माल पाठवायचा, म्हणजे पोचा मधल्या लेबलवर पडतो. सबब, घरातल्या वडीलधाऱ्यांना कितीही संकोच वाटो, झिप वर ओढू नये.

३. 'द रिटर्न ऑफ द ड्युरुटी कॉलम' (१९८०) : फॅक्टरी रेकॉर्ड्सने पहिल्या प्रतींना चक्क पॉलिश पेपरचं कव्हर घातलं. शेजारची कव्हरं खरवडली जावीत, हाच हेतू. ते चिकटवायला जॉय डिव्हिजनची मंडळी बसली होती. या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना आहेरात आलेल्या रेकॉर्डी ठेवाव्यात.

४. 'मेटल बॉक्स' (१९७९) : फिल्मच्या रिळासारख्या पत्र्याच्या डब्यात तीन रेकॉर्डी ठासून भरलेल्या. बोट आत शिरत नाही. डबा उपडा केला तर तिन्ही एकदम अंगावर. ऐकण्याची हौस दाबावी. डबा शोभेचा आहे.

५. 'ऑग्डेन्स नट गॉन फ्लेक' (१९६८) : तंबाखूच्या डबीसारखं गोल कव्हर. फळीवरून घरंगळतं. दोन्हीकडून उटी लावावी.

६. 'इन थ्रू द आउट डोअर' (१९७९) : लेड झेपलिनची ही रेकॉर्ड खाकी कागदी पिशवीत विकली गेली. कव्हरं सहा प्रकारची. आपल्या वाट्याला कुठलं आलं, ते पिशवी उघडल्यावरच कळे. शिवाय आतल्या पाकिटावर ओला कुंचला फिरवला की काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग उमटतात, आणि ते पुन्हा कोरं होत नाही. सबब, कर्तव्यदक्ष संग्राहकाने सहा प्रती कोरड्या ठेवाव्यात आणि सहा भिजवाव्यात. गाणी ऐकायची असतील तर आणखी एक घ्यावी. खिशाच्या दुष्काळात हा तेरावा महिना आहे, हे घरी आधीच सांगून ठेवावं.