तळघर आणि चौथा मजला

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला ऑफिसात नाव नसतं. 'आयटीवाला आला का?' एवढीच त्याची ओळख, आणि प्रिंटर चालू झाला की तीही संपते. हा उद्योग मी बरीच वर्षं केलेला. त्यामुळे 'द आयटी क्राउड' ही ब्रिटिश मालिका पाहताना घरी बसून बिनपगारी ओव्हरटाइम केल्यासारखं वाटलं.

रेनहोम इंडस्ट्रीजच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर देखणी माणसं काम करतात. (नक्की काय काम, ते शेवटपर्यंत कळत नाही. हेही वास्तववादीच.) तळघरात असतात रॉय आणि मॉस. फोन वाजला की रॉय आधी त्याच्याकडे वैतागून बघतो, मग नाइलाजानं उचलतो आणि विचारतो, बंद करून परत चालू करून पाहिलंत का? पुढंपुढं तेवढेही कष्ट नकोत म्हणून तो हा प्रश्न टेपच करून ठेवतो. आमच्या विद्येचं सार एवढंच आहे. त्यानं बहुतेक वेळा काम भागतं, ही त्यातली लाजिरवाणी बाब.

पण माझा खरा जीव मॉसवर. ऑफिसात आग लागते. विझवायला घेतलेलं उपकरणच पेट घेतं. ते तो व्यवस्थित उचलून उरलेल्या आगीशेजारी ठेवतो आणि अग्निशमन दलाला ईमेल लिहायला बसतो. मायना लिहितो, वाचतो, फारच औपचारिक झाला म्हणून खोडतो, पुन्हा लिहितो. मागं ज्वाळा, आणि मॉसला चिंता समारोप कसा करावा याची! रिचर्ड अयोआडे हा नट हे सगळं इतक्या गंभीरपणे करतो, की 'ड्राफ्ट वरिष्ठांना दाखवलास का?' असं आपणच विचारू.

आमच्या घरात मात्र राज्य 'द बिग बँग थिअरी'चं. पॅसाडिना गाव, कॅल्टेकसारखी संस्था, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, शेल्डन, लेनर्ड आणि राज हे तीन शास्त्रज्ञ, हॉवर्ड हा इंजिनिअर आणि समोरच्या दारी पेनी. शेल्डनची सोफ्यावरची जागा ठरलेली. हिवाळ्यात हीटरची ऊब लागेल, उन्हाळ्यात दोन खिडक्यांमधला वारा, आणि टीव्ही ना फार समोर ना फार तिरपा. फळ्यांवरची समीकरणंसुद्धा अस्सल, कारण ती पाहायला डेव्हिड सॉल्ट्झबर्ग हे खरेखुरे भौतिकशास्त्रज्ञ नेमलेले. ब्रिटिशांच्या तळघरात म्हणाल, तर इंटरनेट म्हणजे लाल दिवा लुकलुकणारी एक काळी डबी.

"तुझे ते दोघे पहिल्या भागात तळघरात आणि वर्षानुवर्षं तळघरातच," सौभाग्यवतींचा आक्षेप. "इकडे बघ, माणसं मार्गी लागतात." खरंच लागतात. लेनर्डचं पेनीशी लग्न, हॉवर्डला बायको, दोन मुलं आणि वर अंतराळयात्रा, शेल्डनला बायकोसकट नोबेल. लेनर्डच्या रॉकेटच्या इंधनानं बंद पडलेली लिफ्टदेखील शेवटी दुरुस्त होते.

लोक म्हणतात, ब्रिटिश स्वभावानं उदास आणि अमेरिकन आशावादी. मला यात स्वभावापेक्षा हिशेब जास्त दिसतो. 'आयटी क्राउड' 2006 ते 2010 या काळात चालली, दर पर्वात सहा भाग, 2013 मध्ये एक निरोपाचा, एकूण 25. लिहिणारा ग्रॅहम लाइनहन, एकटा. तिकडे 2007 ते 2019, 279 भाग, लेखकांचं पथक, आणि 2014 च्या करारात मुख्य तिघांना भागामागे 10 लाख डॉलर. आपल्या रोजच्या मालिकेला 279 भाग वर्षभरही पुरायचे नाहीत, तेवढ्यात सून जेमतेम स्वयंपाकघरापर्यंत पोचते. पण दर आठवड्याला नवा विनोद करायचा म्हटलं, तर सोफ्यावरची जागा किती वर्षं पुरणार? मग लग्न आलं, सासू आली, बाळंतपण आलं. सहा भागांच्या माणसाला प्रगती परवडत नाही आणि वर्षाला चोवीस भागांच्या माणसाला ती चुकवता येत नाही. तळघरवाल्यांच्या मालिकेत तर कंपनीच्या मालकाचाही निकाल मिनिटभरात लागतो. पेन्शन फंडाच्या घोळाबद्दल पोलीस आलेत कळताच तो शांतपणे उठतो आणि थेट खिडकीतून बाहेर पडतो. निरोपसमारंभाला वेळच नाही.

या तळघराची अमेरिकन आवृत्ती काढायचा प्रयत्न एनबीसीनं केला होता. मॉस म्हणून अयोआडेलाच नेलं, रॉय केला जोएल मॅकहेलनं. पहिला भाग तयार झाला आणि प्रकरण तिथंच थांबलं. पुढची बारा वर्षं मॉसचं काय करायचं, हे कुणाला सुचणार? त्याचं लग्न लावा, आग लागली की तो बायकोलाही ईमेलच करील.

हा सिद्धांत मी घरी मांडला. सौभाग्यवतींनी ऐकून घेतला, पण त्यांचं दुःख वेगळंच निघालं. दिल्लीचा राज कूथ्रपाली. खगोलशास्त्रज्ञ, वडील स्त्रीरोगतज्ज्ञ, घरात पैशाला तोटा नाही. सुरुवातीला दोन घोट घेतल्याशिवाय मुलींशी बोलता यायचं नाही, पण तोही दोष पुढं गेला. तरी 279 भागांनंतर सगळे जोडीनं उभे आणि हा बिनलग्नाचा!

"एवढे लेखक बसवले होते ना? आमच्या कमलमावशीकडे पत्रिका पाठवली असती, तर सहा भागांत उरकलं असतं."