जुना फ्रीज बाल्कनीत

कोळशाचे दिवस भरले, ही वार्ता आम्ही गेली कित्येक वर्षं भक्तिभावाने वाचतो आहोत. श्रद्धांजलीचा मजकूरही तयार आहे, फक्त मयत जागेवर सापडत नाही. २०२४ साली तर जगाने तोवरचा सगळ्यात जास्त कोळसा जाळला.

सौर आणि पवनऊर्जा वाढली नाही असं नाही, धो धो वाढली. पण आपल्याकडे नवा डबल डोअर फ्रीज आला म्हणून जुना भंगारात थोडाच जातो? तो बाल्कनीत जातो आणि ‘असू दे, पाण्याच्या बाटल्या राहतील’ म्हणून तिथेही घुरघुरत राहतो. जगाने तेच केलं. त्या वर्षी ऊर्जेची मागणी २.२ टक्क्यांनी वाढली. वाढीव मागणीतला मोठा वाटा नव्या ऊर्जेने उचलला. उरलेल्यासाठी गॅस, तेल आणि कोळसा होतेच. ऊर्जेपायी हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड ३७.८ अब्ज टन, म्हणजे नवा उच्चांक. तरी मागणीच्या मानाने उत्सर्जन हळू वाढलं, हे तज्ज्ञांनी आवर्जून सांगितलं. खरंच आहे ते. हवेला कळवायला हवं.

आपणही मागे नाही. देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा-गॅसविना, अशी घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली. पेढे वाटावेत अशीच बातमी. आता क्षमता निम्मी असली तरी प्रत्यक्ष तयार होणारी सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच, पण रात्री अकरा वाजता एसी लावताना असले बारकावे कोण बघतो?

बघतात ते चंद्रपूरकर. तिथलं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, राज्यभर एसी घुमू लागतात, की इथल्या बॉयलरांची भूक वाढते. मुंबई-पुण्याच्या बेडरूममध्ये अठरा अंशांवर दुलई ओढली जाते आणि चंद्रपुरात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर राखेची पूड बसते. कूलरच्या टाकीत बादली ओतणाऱ्या माणसाने याला विकास म्हणायचं असतं.

केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र जून २०२५ मध्ये उपाय सुचवला: नव्या एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच राहील, असा नियम करायचा. छान कल्पना आहे. लगे हाथ चंद्रपूरच्या पाऱ्यालाही हीच मर्यादा लागू करून टाकावी.