टॅलीकाका

टॅलीकाका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. बहुधा बँकेतून निवृत्त, बहुधा कमिटीवर, आणि घरात संगणक दोन. एक हॉलमधला, जाडजूड, रात्री पांघरूण घालून झोपवलेला. दुसरा मुलानं अमेरिकेला परत जाताना ठेवून दिलेला लॅपटॉप. इतरांच्या घरी दोन संगणक असले की एक चालतो आणि एक पडून राहतो. काकांकडे दोन्ही चालतात, आणि दोन्हींवरचे मेल सारखेच असावे लागतात. फोल्डरला फोल्डर, मेलला मेल.

याचं मूळ बँकेत आहे. काका नोकरीला लागले तेव्हा लेजर हातानं लिहीत. टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही. पंधरा पैशांच्या फरकापायी शेवटची लोकल गेली तर जाऊ दे. सगळी नोकरी अशी केलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर जुळवायला काही उरलं नाही, तर तो फरक घरीच तयार करतो. रात्रीच्या बातम्या संपल्या की काका दोन्ही यंत्रं सुरू करतात आणि वही उघडतात. वहीत दोन रकाने : 'हॉल' आणि 'लॅप'. आकडे जुळले नाहीत की काकू समजतात, आज कुलूप आपल्यालाच लावायचं आहे.

आकडे रोजच जुळत नाहीत, कारण काका पॉप वापरतात. मेल आणण्याची ही जुनी रीत : सर्व्हरवर जायचं, मेल उतरवून घ्यायचे, आणि वेगळं सांगून ठेवलं नसेल तर तिथले पुसून टाकायचे. सकाळी हॉलनं उचललेलं लॅपला दिसायचंच नाही. काकांनी 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकोनात खूण करून ते मिटवलं. पण पॉपला इनबॉक्सपलीकडचं जग ठाऊक नाही. पाठवलेला मेल ज्या यंत्रावरून गेला तिथंच राहतो. त्यामुळे काकांची पाणीखात्याकडची तक्रार हॉलमध्ये, तिचं स्मरणपत्र लॅपमध्ये, आणि पाणी दोन्हीकडे नाही.

मग पेनड्राइव्ह आला. तो काकांच्या बंडीच्या आतल्या खिशात असतो. आउटलुक सगळे मेल पीएसटी नावाच्या एकाच फाइलीत कोंबतं, म्हणजे चार ओळींचा एक मेल पलीकडे न्यायचा तरी अख्खी फाइल उचलायची. जुन्या आवृत्त्यांत या फाइलीला २ जीबीची मर्यादा होती. पुढं मर्यादा वाढली तसे काका निर्धास्त झाले. तर फाइल ४ जीबीपलीकडे गेल्यावर पेनड्राइव्हनंच ती घ्यायला नकार दिला. त्याची मांडणी फॅट३२ होती, आणि तिच्यात एवढी मोठी फाइल बसत नाही. त्यात या फाइलीचा एक वाईट गुण : नुसती उघडून बंद केली, तरी तिच्यावर आजची तारीख पडते. दोन्ही फायली दोन्हीकडे 'आजच्या'. नवी कुठली आणि जुनी कुठली, हे ठरवण्यासाठी काका दिवाळीतल्या शुभेच्छांचे मेल मोजतात.

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा एकदा म्हणाला, "काका, आयमॅप लावा. १९८६ सालीच निघालंय. मेल सर्व्हरवरच राहतात, तुमची दोन्ही यंत्रं नुसती तिथं बघतात. जुळवायचा प्रश्नच नाही."

"म्हणजे रोकड त्यांच्याकडे आणि आपण खिडकीतून बघायचं?"

"तसंच. एकीकडे डिलीट केलंत की दुसरीकडूनही जातं. आपोआप."

काकांचा चेहरा पडला. काउंटर-सही नाही, व्हाउचर नाही, आणि नोंद आपोआप जाते?

पण त्याच संध्याकाळी काकांनी मुलाला एक प्रश्न विचारून गप्प केलं. "एक मेल हॉलवर आहे, लॅपवर नाही. तो हॉलवर नवीन आला, की लॅपवरून मी खोडला? यंत्राला कसं कळणार?" मुलगा विचारात पडला. नुसती आजची स्थिती बघून ते कुणालाच कळत नाही. मागच्या जुळणीच्या वेळी काय होतं, याची नोंद लागते. मेल जुळवणारे चांगले प्रोग्रॅम ती गुपचूप ठेवतात. काकांनी वहीत तिसरा रकाना आखला : 'ओपनिंग बॅलन्स'. कॉम्प्युटरचा एकही क्लास न केलेल्या माणसानं हे दहा मिनिटांत शोधलं. मात्र खबरदारी म्हणून त्या दिवसापासून काहीच न खोडायचंही ठरलं. परदेशातल्या कुणा विधवेनं काकांच्या नावे ठेवलेली कोट्यवधींची रक्कम आजही दोन्ही यंत्रांवर सुखरूप आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या कन्व्हेयन्सची सभा होती. बिल्डरनं पूर्वी मेलवर दिलेलं कबुलीपत्र हवं होतं. ते सेक्रेटरींकडे होतं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच मुलाकडे. त्यानं फोनवर जागा करताना ते उडवलं होतं. आयमॅपनं दिल्या शब्दाला जागून ते त्याच्या लॅपटॉपवरून आणि ऑफिसच्या संगणकावरूनही उडवलं. कचऱ्याच्या फोल्डरची तीस दिवसांची मुदतही उलटून गेलेली. मुलगा जिना उतरून काकांच्या दारात.

काकांनी विजयाची खूण चेहऱ्यावर दिसू दिली नाही. चष्मा पुसला, वही काढली. "आहे. 'सोसायटी – बिल्डर – जुनं' मध्ये."

"वाचलो! पाठवा ना काका, खाली सगळे थांबलेत."

"पाठवतो. पण हॉलवर ते एक दिसतंय आणि लॅपवर दोन. हे दुसरं आलं कुठून, ते आधी बघू. बस तू. अगं, चहा टाक."

सभा तहकूब झाली. इतिवृत्तात कारण काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : 'टॅली बाकी.'