घाटाची गाडी आणि मळ्याची गाडी: न्यू जर्सीहून पत्र

ती. बाबा (सातारा) व ती. मामा (सांगली) यांस शि. सा. न. वि. वि.

उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला बाजारात एसयूव्ही म्हणतात, पण त्यांच्यात कुळे दोन. एका कुळात खाली शिडीच्या आकाराची पोलादी चासी असते आणि तिच्यावर बॉडी वेगळी बसवलेली असते. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर या कुळातल्या. दुसऱ्या कुळात चासी आणि बॉडी एकजीव असते, साध्या कारसारखी. हा क्रॉसओव्हर. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा, पंच आणि अंगापिंडाने थोराड असली तरी हॅरिअरसुद्धा यातच मोडते. नावावरून कूळ ठरवू नये. १९९८ची सफारी शिडीवरची होती. २०२१ला त्याच नावाने आलेली सफारी एकजीव सांगाड्याची आहे आणि तिला फक्त पुढची चाके ओढतात. ‘जुनी सफारी उसाच्या सरीतून गेली होती’ ही मामांची साक्ष नव्या सफारीच्या खटल्यात ग्राह्य धरता येत नाही.

गाडीचा आकार इंजिनिअर ठरवतो तितकाच कायदाही ठरवतो. अमेरिकेत इंधनाचे नियम कारला कडक आणि ट्रकला सैल. बऱ्याच एसयूव्ही ट्रकमध्ये मोजल्या गेल्या आणि वाढत सुटल्या. १९९४ साली टोयोटाने कारचेच भाग वापरून काढलेली छोटी रॅव्ह-फोर आज ४.६ मीटरची झाली असून न्यू जर्सीत तीत एक माणूस दूध आणायला जातो. जवळपास तेवढ्याच लांबीच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये साताऱ्याकडचे सात जण बसतात आणि आठव्याला ‘जरा सरकून घे’ म्हणतात. भारतात गंगा उलटी वाहिली. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी झाला आणि गाड्यांची शेपटे छाटली गेली. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू या तिन्ही ३९९५ मिलिमीटरच्या. उरलेले पाच मिलिमीटर सरकारच्या धाकाने सोडलेले. २२ सप्टेंबर २०२५पासून लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने बिचारीचे शेपूटही गेले आणि सवलतही.

आता घाट. यवतेश्वराच्या वळणांवर, पसरणीत किंवा पुण्याहून येताना खंबाटकीत शिडीवरची गाडी अंगाने जड आणि उंच असल्यामुळे झुलते. पुढे बसणाऱ्याला ते रुबाबदार वाटते. तिसऱ्या रांगेतल्या आत्याबाईंना आल्याची वडी लागते. क्रॉसओव्हर वळणाला चिकटून जातो. त्याची खोट चढावर दिसते: वजन मागे सरकते, ओढणारी पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या मुरमावर जागच्या जागी फिरतात. कासचा रस्ता डांबरी असल्याने हा प्रसंग बाबांवर येत नाही. बामणोलीकडे कुणाच्या शेतघरावर उतरायचे ठरले तरच येतो. खरा फरक इंजिनाचा पडतो. टर्बो नसलेले १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन पाच माणसे, एसी आणि चार किलो कंदी पेढे घेऊन चढू लागले की दुसऱ्या गिअरवर येते आणि तिथेच मुक्काम करते.

बाबांना डिझेल हवे, कारण डिझेल स्वस्त. पण २०२०च्या बीएस-६ नियमांनंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. राजवाडा ते पोवई नाका आणि परत, वाटेत तीन ठिकाणी गप्पा, एवढ्यावर जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिवाय चिमणपुऱ्यातली गल्ली. स्कॉर्पिओ-एनची रुंदी आरशांशिवाय १९१७ मिलिमीटर, नेक्सॉनची १८०४. वाड्याच्या दरवाजातून मोठी गाडी आत जाईलही, पण गाडीचे दार उघडून उतरायला जागा राहणार नाही आणि बाबांना डिकीतून बाहेर यावे लागेल.

सांगलीचे गणित निराळे. तासगावच्या बागेतून बेदाण्याची खोकी, औषधांचे कॅन, कधी मोटारीचा पंप आणि तो बसवणारा माणूस, एवढे काळ्या रानातून पक्क्या रस्त्यापर्यंत आणायचे म्हणजे शिडीची चासी आणि मागच्या चाकांची ओढ हवीच. मामांची नजर फॉर्च्युनरवर आहे, कारण लग्नाच्या मांडवासमोर ती शोभते. त्या शोभेला ४० टक्के कर आहे. बोलेरोही शिडीवरचीच, लांबी ३९९५ मिलिमीटर, डिझेल इंजिन १४९३ सीसी, म्हणून १८ टक्क्यांत बसते. आवाज आहे, मागची बाके आडवी आहेत आणि एअरबॅगा दोनच, ही तिची उणी बाजू लपवण्यासारखी नाही. गळिताच्या हंगामात बिनदिव्याच्या ऊस ट्रॉल्यांमागून रात्री जाणाऱ्याने तिचा नीट विचार करावा.

उंच गाडी पुरात चालते, हा समज मात्र दोन्ही घरांनी सोडावा. थार रॉक्स कंपनीच्या म्हणण्यानुसार ६५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन फूट पाण्यातून जाते. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर होती. इंजिनात पाणी शिरल्यावर चावी फिरवली तर इंजिन जाते, आणि वेगळे इंजिन संरक्षण घेतले नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

तेव्हा साताऱ्यास टर्बो पेट्रोलची नेक्सॉन, जिला सहा एअरबॅगा आणि भारत एनकॅपच्या धडक चाचणीचे पाच तारे आहेत. सांगलीस बागेसाठी बोलेरो, आणि मांडवासमोरच्या शोभेसाठी एका दिवसाची भाड्याची फॉर्च्युनर. सनरूफ दोघांनीही घेऊ नये. उन्हाळ्यात डोके तापते आणि नातवंडे त्यातून बाहेर उभी राहतात. बुकिंगआधी बाबांनी पाच माणसे बसवून यवतेश्वर घाट चढून पाहावा, शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर समाधान मानू नये. आणि आत्याबाईंना मागच्या सीटवरच बसवावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

न्यू जर्सीचे बिऱ्हाड