आमोण्याचे गादीरक्षक

मे महिना सरत आला की आमोण्यातली घरं पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, लागतात. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, खोपीत रचलेली लाकडं. याच दिवसांत वाड्यावरचे एक गृहस्थ डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून काखेत वेगळीच गुंडाळी घेऊन उतरतात. मीटरवर मिळणारं जाड, पारदर्शक प्लास्टिक. शेजारी सहज विचारतो, "पडवीला घालायला काय?"

"पडवी भिजली तर भिजू दे. गादीला आणलंय."

हे गादीरक्षक. गावात त्यांना भाई म्हणतात. गोव्यात पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला कोणी ना कोणी भाई म्हणतंच. अमुक एका घराकडे बोट दाखवून हे लिहिलेलं नाही, कारण आमोण्यापासून पेडण्यापर्यंत वाड्या-वाड्यावर एखादे तरी भाई निघतात. खाणीच्या कचेरीत हिशेब लिहून निवृत्त झालेले, अंगात गंजीफ्रॉक, कानावर पेन्सिल आणि खिशात मोजायची टेप. त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू उघडी दिसत नाही. फ्रिजच्या मुठीला मोजा, मिक्सरला झबलं, सोफ्यावर चादर आणि चादरीवर जुनी चादर. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवीवरून दाबताना दोन बटणं एकदम दबतात, त्यामुळे बातम्या बघता बघता मधेच भजन लागतं. भाई तेही शांतपणे ऐकतात. रिमोट सुरक्षित आहे, हे महत्त्वाचं.

पण हे सगळं किरकोळ. जीव आहे तो गादीवर.

त्याला कारण आहे, आणि ते हसण्यासारखं नाही. भाईंचं लहानपण हातरीवर, म्हणजे चटईवर, गेलं. घरात गादी एकच, आजोबांची, सावरीच्या कापसाची. उन्हाळ्यात सावरीची बोंडं उकलली की कापूस गोळा व्हायचा. पिंजारी यायचा, धनुकलीच्या दोरीचा आवाज दिवसभर घुमायचा आणि संध्याकाळी गादी टम्म होऊन आत जायची. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ती खळ्यात उन्हाला पडायची. कधी भिजली तर खोळ उसवायची, कापूस वाळवायचा, पुन्हा भरायची. त्या गादीला कुणी 'प्रोटेक्टर' घातला नाही, कारण ती दुरुस्त व्हायची. आताची फोमची गादी उसवता येत नाही, पिंजता येत नाही, आणि तिची किंमत ऐकून भाईंच्या आईनं देवासमोर दिवा लावला होता. असली वस्तू घरात आली की माणसाचा पहारेकरी होतो.

त्यात वॉरंटी. बहुतेक गाद्यांच्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की डाग पडलेली गादी बदलून मिळणार नाही. इतर गिऱ्हाईकं तो कागद हरवतात. भाईंनी तो लॅमिनेट करून घेतला आणि त्या एका वाक्याखाली लाल रेघ मारली. गादीला डाग पाडू शकणारा घरातला एकमेव प्राणी माणूस, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं. तेव्हापासून घरातल्या माणसांकडे बघण्याची त्यांची नजर बदलली. नातू दूध पितो म्हणून संशयित, वहिनी केसांना तेल लावतात म्हणून संशयित, आणि स्वतः भाईंना घाम येतो म्हणून ते स्वतःवरही लक्ष ठेवून असतात.

बंदोबस्ताचे थर खालून मोजावेत. प्लायवूडच्या फळीवर जुने 'गोमन्तक'चे अंक, ओल शोषायला. त्यावर गादी, कारखान्यातून आली त्या प्लास्टिकसकट; ते प्लास्टिक काढलं की गादी 'वापरलेली' ठरते, असं भाईंचं मत आहे. त्यावर बाजारातलं मीटरवालं प्लास्टिक, चारी बाजूंनी आत खोचलेलं. त्यावर रेक्झिन. त्यावर जुनी सतरंजी, रेक्झिन खराब होऊ नये म्हणून. त्यावर चादर. सगळ्यात वर निजायला सांगितलेला पाहुणा.

या थरांवर कूस बदलली तर शेजारच्या घरात कळतं. रात्री बारानंतर भाईंच्या घरी कोण जागं आहे, याची पक्की माहिती अख्ख्या वाड्याला असते.

आता आमोण्याची हवा. गाव मांडवीच्या काठावर. पूल ओलांडला की खांडोळा. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. मीठ बरणीतच पाझरतं, चामड्याच्या वहाणांवर हिरवट बुरा येतो, कपाटातले कपडे अंगात घालताना ओले वाटतात आणि ते खरोखरच ओले असतात. भाईंनी आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र मागवलं आहे. ते उशाशी असतं, अर्थात पिशवीत. पिशवीतली हवा बाहेरच्यापेक्षा वेगळी असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सकाळी चहाच्या आधी ते आकडा जाहीर करतात. "आज ८९." वहिनी म्हणतात, "कालच्यापेक्षा स्वस्त."

एवढ्या दमट हवेत प्लास्टिकवर निजलं की काय होतं, ते सांगायला पुण्याहून लेक आली. निजलेल्या माणसाच्या अंगातून आणि श्वासातून रात्रीत पेलाभर तरी पाणी वाफ होऊन जातं. खाली सुती गादी असेल तर थोडं ती पिते आणि दिवसा सोडून देते. प्लास्टिक पीत नाही. वाफ पाठीशीच थांबते आणि पहाटे माणूस स्वतःच्याच घामात उठतो. भाईंनी हे ऐकून घेतलं आणि समाधानानं मान हलवली. "म्हणजे गादीत काही गेलं नाही ना?"

लेकीनं मग चांगल्यापैकी प्रोटेक्टर पाठवला. वर टेरीचं, म्हणजे टॉवेलसारखं सुती कापड, खालच्या अंगाला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा पाण्याचा थेंब अडवतो आणि वाफेला हळूहळू वाट देतो. विनाइलच्या किंवा साध्या प्लास्टिकच्या कव्हरात आणि यात फरक तो हाच. नुसता रजईसारखा शिवलेला सुती प्रोटेक्टर हा तिसरा प्रकार. तो अंगाला सगळ्यात सुखाचा, पण पाणी सांडलं तर पलीकडे पोचवतो.

भाईंनी कापड तोंडाला लावून फुंकर मारली. हवा पलीकडे गेली नाही. "हा श्वास घेत नाही," त्यांनी निकाल दिला. ही परीक्षाच चुकीची. असल्या पापुद्र्यातून वारा जात नाही, वाफ जाते. लेकीनं कपात कढत पाणी ओतलं, वर प्रोटेक्टरचं कापड ताणलं आणि त्यावर स्टीलची थंड ताटली पालथी घातली. थोड्या वेळानं ताटली उचलली तर आत दव जमलेलं. भाईंनी ते बोटानं पुसून बघितलं आणि निष्कर्ष काढला.

"गळतंय."

खरं तर भाईंची शंका अगदीच वेडी नव्हती, फक्त ती भलत्या दिशेला गेली. वाफ पापुद्र्यातून जाते ती आतल्या आणि बाहेरच्या ओलाव्यात फरक असेल तेव्हा. कंपन्या आपल्या कापडाची चाचणी घेतात ती बेतलेल्या, बऱ्यापैकी कोरड्या हवेत. आमोण्यात जुलैच्या मध्यरात्री खोलीतली हवाच पाण्यानं भरलेली असते, तिथे वाफेनं जायचं कुठे? म्हणून वेष्टनावर ठळक छापलेला 'ब्रीदेबल' हा शब्द पुण्यात जेवढा खरा असतो, तेवढा मांडवीकाठी नसतो. इथे पापुद्र्याइतकंच काम पंखा करतो. आणि पहिल्या पावसाच्या सरीबरोबर पंखा चालवणारी वीज जाते.

वीज गेली की भाई उठतात. हातात बॅटरी घेऊन ते गाद्या तपासत फिरतात. तळव्याला कळत नाही म्हणून पालथा हात लावतात. गावोगावच्या बेताळाबद्दल म्हणतात की तो रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. आमोण्याचं बेताळाचं देवस्थान प्रसिद्धच आहे. भाईंनाही खरं तर वर्षाला एक जोड द्यायला हवा. एकदा अंधारात त्यांनी निजलेल्या व्याह्यांच्याच पोटाला पालथा हात लावला आणि "इथे दमट आहे" असं मोठ्यानं सांगितलं. ते व्याही तेव्हापासून दिवसा येऊन दिवसाच जातात.

लेकीचा प्रोटेक्टर शेवटी बसला नाही तो वेगळ्याच कारणानं. बाजारातली मापं ठरलेली: ७८ बाय ६० इंच, ७८ बाय ७२ इंच. भाईंचा पलंग त्यांच्या वडिलांनी मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, फणसाच्या लाकडाचा करून घेतलेला, आणि मेस्तानं माप घेतलं ते वडिलांचं. त्यात गादीची जाडी कुणी लक्षात घेतली नव्हती. आठ इंची गादीवर सहा इंची झालरीचा प्रोटेक्टर चढवला तर रात्री एकेक कोपरा फट्कन सुटतो. भाईंनी चारी कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. वहिनींचा पाय एका चिमट्याला लागला त्या रात्री त्यांनी कोपऱ्यात उभी गुंडाळून ठेवलेली हातरी काढली, जमिनीवर अंथरली आणि म्हणाल्या, "तुमचं प्लास्टिक तुम्हीच निजवा." त्या शांत झोपल्या. घरात झोप लागणारं ते एकटंच माणूस राहिलं.

पेडण्याच्या किनाऱ्यावर या जातीचा एक उपप्रकार आढळतो. मोरजी, हरमलकडे खोल्या भाड्यानं देणारे. त्यांचं वैर ओलीशी नसून समुद्रातून थेट गादीवर येणाऱ्या पर्यटकाशी असतं, आणि ते मला रास्त वाटतं. पण तेही रेक्झिन घालतात, मग पाहुणा तक्रार करतो, मग ते रेक्झिनवर जाड चादर घालतात. त्यांच्याकडे निदान धंद्याचं कारण आहे. भाईंच्या पलंगावर समुद्रातून कुणी आलेलं नाही.

चवथीला घर भरतं. दीड दिवसाचा गणपती, पण पाहुणे चार दिवस. गणपतीवरची माटोळी बांधायला जागा हवी म्हणून यंदा पलंग सरकवला आणि त्यासाठी गादी उचलावी लागली. खालची बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली. वरून एक थेंब गेला नव्हता. सगळी ओल खालून आलेली: फळीला एकही भोक नाही, वारा लागत नाही, आणि 'गोमन्तक'च्या अंकांनी जून महिन्यात शोषलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत इमानानं धरून ठेवलेलं. कारखान्याच्या प्लास्टिकला वाहतुकीत पडलेल्या फाटीतून ते आत शिरलं होतं. एकदा शिरल्यावर बाहेर पडायला मात्र वाट नव्हती. ती सोय भाईंनी सहा थरांनी बंद केली होती.

लेकीनं मग सांगितलं, की ही बुरशी, आणि अशाच ओलीवर धुळीतले माइट हे बारीक किडेही जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच अंगात घेतात. हवा कोरडी झाली की मरतात आणि दमट राहिली की वाढतात. ते चादरीतून जायचे असतील तर ती ६० अंशांच्या पाण्यात धुवायला हवी. फळीला भोकं पाडून घ्यावीत, गादी आठवड्यातून एकदा उभी करून पंख्याखाली ठेवावी. भाईंनी भोकांना साफ नकार दिला, फळीला सनमायका लावलेला होता म्हणून. मग बराच वेळ ते काळ्या ठिपक्यांकडे बघत राहिले, टेप काढली आणि गादीची खालची बाजू मोजू लागले. बुधवारी ते डिचोलीला गेले.

वाचकांपैकी कुणाला दमट गावात प्रोटेक्टर घ्यायचाच असेल, तर तो मे महिन्यात घ्यावा, म्हणजे पाऊस लागण्याआधी धुऊन वाळवून बघता येतो. दोन घ्यावेत, कारण जुलैत धुतलेला एक वाळायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस नसेल तर जलरोधकाच्या नादी लागू नये, साधा सुती बरा. पापुद्र्याच्या प्रोटेक्टरवर इस्त्री फिरवू नये, ब्लीच घालू नये, पापुद्रा सुटतो. पलंग मेस्तानं केलेला असेल तर लांबी, रुंदी आणि गादीची जाडी तिन्ही मोजून दुकानात जावं. आणि गादीवरचं कारखान्याचं प्लास्टिक आजच काढावं. यातलं काही आमोण्याच्या भाईंना मात्र सांगू नये, ते हा कागदसुद्धा लॅमिनेट करून गादीखाली घालतील.