शून्य अपघातांचा फलक

कारखान्याच्या दारावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक दिसला की आधी हात जोडावेत. तो बऱ्याचदा सुरक्षिततेचा नव्हे, मौनाचा हिशेब असतो. कायद्यानुसार जखमी कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर अपघात कळवावा लागतो. मग प्लास्टरातला हात हजेरीपुरता हजर होतो आणि फलकावरचा आकडा वाचतो. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्रही दर जानेवारी-जुलैत सादर करायचे असते. आग मात्र कागद न वाचताच लागते. ‘कळवले तर चौकशीचा ससेमिरा लागतो,’ हा आक्षेप खोटा नाही. पण आज दडवलेली ठिणगी उद्या पंचनाम्यात सापडतेच. म्हणून किरकोळ अपघातही नोंदवणारा कारखानाच शहाणा. शून्य मिरवणाऱ्याची वही आधी तपासावी.