बघायचं नाही असा छंद

नाण्यांचा नाद असलेला माणूस नाणी बघतो, पक्ष्यांचा नाद असलेला पहाटे उठून पक्षी बघतो, आणि बोन्साय करणारे तर त्या झाडाकडे इतकं बघतात की झाड संकोचानेच खुजं राहत असावं. लेझरचा नाद तेवढा याला अपवाद. इथे आधी पैसे मोजून लखलखीत निळा प्रकाश घरी आणायचा आणि तो दिसू नये म्हणून पुन्हा पैसे मोजून गॉगल आणायचा. गॉगल जितका भारी, तितकं कमी दिसतं. उत्तम गॉगल लावला की समोर काही घडतच नाही, नुसता लाकूड जळल्याचा वास येतो.

आमच्या बंदिस्त गॅलरीत १० वॅटचं डायोड लेझरचं एन्ग्रेव्हर आहे. त्यावर मी लाकडी पाट्या कोरतो. सोसायटीत जवळजवळ प्रत्येक दारावर माझी पाटी आहे. काहींनी ती मागितलीही होती. प्रकाश ४५० नॅनोमीटरचा, आणि सुरक्षेच्या हिशोबात यंत्र वर्ग ४ चं. लेझरचे वर्ग असे : वर्ग १ निरुपद्रवी; आपला प्रिंटर त्यात मोडतो, कारण किरण त्याच्या पोटातच कोंडलेला असतो. वर्ग २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंतचा दिसणारा किरण. तिथे पाव सेकंदात पापणी मिटते आणि निभावून जातं. ३आर ५ मिलिवॅटपर्यंत, ३बी ५०० पर्यंत, आणि त्यापुढचं सगळं चौथ्या वर्गात. पाचवा वर्ग नाही. त्यामुळे कारखान्यात पोलादाचे पत्रे कापणारं कित्येक किलोवॅटचं धूड आणि माझं गॅलरीतलं यंत्र एकाच वर्गात मोडतात. हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग त्या कारखान्यासारखे चार पैसे पण येऊ देत की घरात."

चौथ्या वर्गाची खोड अशी की किरण थेट डोळ्यात जायलाच पाहिजे असं नाही. लाकडावर आपटून विखुरलेला प्रकाशही जवळून बघितला तर बाधू शकतो. त्यातून आपल्या डोळ्याचं भिंग फार कर्तबगार. समोरून आलेला किरण ते पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करतं, आणि बुबुळावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यापर्यंत जाताना लाखभर पटीने वाढते. एवढं होऊन दुखत मात्र नाही, कारण त्या पडद्याला वेदना कळवणारे मज्जातंतूच नाहीत. वर मेंदू इतका सोशिक की नजरेत भोक पडलं तरी आजूबाजूच्या रंगाने ते परस्पर लिंपून टाकतो. दाढ किडली तर निदान ठणकून सांगते. इथे काहीच होत नसेल तर ते खरोखर होत नाहीये, की होऊन गेलंय आणि आपल्यापर्यंत आलेलं नाही? या प्रश्नावर मी कित्येक रात्री जागून काढल्या आहेत, आणि जागरणाने सकाळी डोळे लाल दिसतात, ते वेगळंच.

थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात, माणकाच्या कांडीतून पहिला लेझर पेटवला. लेझरवाल्या मंडळींचा एक जुना विनोद आहे : प्रयोगशाळेच्या दारावर पाटी, "उरलेल्या डोळ्याने लेझरमध्ये पाहू नका." हसू येतं, पण डेकर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७७ साली लिहिलेली स्वतःची हकिकत वाचली की ते मावळतं. परावर्तित झालेला १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे न दिसणारा, किरण त्याच्या डोळ्यात गेला. त्याला आधी ऐकू आलं : डोळ्याच्या आत 'फट्' असा आवाज. गॉगल प्रयोगशाळेत होता, पण त्यावर वाफ धरते, बाजूचं दिसत नाही, तासनतास घालवत नाही, म्हणून घातलेला नव्हता. आमच्याकडे स्कूटरवर हेल्मेट न घालणारे अगदी हीच कारणं देतात.

ती हकिकत वाचल्यापासून मला घरात फक्त चकाकणाऱ्या वस्तू दिसतात. मराठी माणसाच्या स्वयंपाकघराइतके आरसे शीशमहालातही नसतील. फळीवर स्टीलचे डबे उतरत्या भाजणीने, ओट्यावर पातेली, भिंतीला ताटाळं. गॅलरी स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे यंत्र सुरू करण्याआधी मी मधल्या दारावर जाड चादर टाकतो, देव्हाऱ्यातली समई फिरवून ठेवतो आणि सगळ्यांना हॉलमध्ये घालवतो. आईला वाटतं मी कसला तरी अघोरी विधी करतो.

तिला माझी भीती पटतच नाही. "मला तर डॉक्टरांनी मुद्दाम मारला होता तो लेझर. पाच मिनिटांत लख्ख दिसायला लागलं. तूच कसला रे घाबरट!" मोतीबिंदूनंतर तिच्या नव्या भिंगामागचा पापुद्रा धुरकट झाला होता, तो फोडायला याग लेझर वापरतात. तोही १०६४ नॅनोमीटरचाच! डेकरला बाधला त्याच जातीचा किरण माझ्या आईला लाभला; फरक एवढाच की इथे नेम धरणारा डॉक्टर होता. काकूंचं त्याहून वरचं. मधुमेहामुळे त्यांच्या पडद्याच्या कडेकडेला हिरव्या लेझरने ठिपके जाळून मधली नजर वाचवली. त्यामुळे आमच्या घराण्यात लेझर म्हणजे देवमाणूस, आणि मी त्या देवमाणसावर संशय घेणारा.

संशय मात्र साधार आहे. यंत्राबरोबर एक हिरवा गॉगल फुकट आला होता. त्यावर नुसतं 'लेझर सेफ्टी' छापलेलं. किती नॅनोमीटरसाठी, प्रकाश किती अडवतो ते सांगणारी ओडी किती, काही नाही. मग मी विकत आणला नारिंगी. खरा गॉगल स्वतःच्या काचेवर हिशोब लिहून ठेवतो. ४५० ला ओडी ६ म्हणजे दहा लाखांतला एक भाग आत येणार. १० वॅटचे उरले १० मायक्रोवॅट. पण हा नारिंगी गॉगल निळ्याचाच वैरी, लाल किंवा अवरक्त किरणाला तो बिनदिक्कत वाट देतो. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या यंत्राला साधी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची खिडकी पुरते, कारण त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण अ‍ॅक्रिलिकमध्येच जिरतो. तीच खिडकी माझ्या निळ्यापुढे असून नसल्यासारखी. दुकानदार मात्र कुठलाही गॉगल दाखवून "सगळ्याला चालतो" म्हणतात. सगळ्याला चालणारा गॉगल एकच, आणि तो म्हणजे भिंत.

पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतात तसल्या हिरव्या पॉइंटरचं प्रकरण तर आणखी आतल्या गाठीचं. त्यांतल्या पुष्कळांत मुळात ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो. एक स्फटिक त्याचे १०६४ करतो, दुसरा ५३२, आणि हिरवं बाहेर येतं. राहिलेलं अवरक्त अडवायला छोटी गाळणी लागते, आणि किंमत उतरवायची झाली की पहिली तीच उडते. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१० मध्ये अशा एका पॉइंटरची हकिकत प्रसिद्ध केली : हिरवं मंद, आणि न दिसणारं अवरक्त जवळजवळ २० मिलिवॅट. जे दिसतच नाही त्याला पापणी तरी कशी मिटणार? शेजारच्या वाढदिवसाला एका पोराने असला पॉइंटर छताकडे रोखला, तेव्हा केकच्या टेबलाखाली सगळ्यात आधी पोहोचलेला पाहुणा मी होतो. मागोमाग लहान मुलंही आली. त्यांना तो खेळ वाटला.

मिरवणुकीतही तेच. २०२३ च्या विसर्जनानंतर लेझरच्या झोतांनी तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात त्या झोतांवर बंदीच घातली. त्याआधी माझी फार पंचाईत व्हायची. देवाला पाठ दाखवू नये, आणि देवाच्या मागे लेझर. मी गणपतीपुढून हात जोडून, डोळे घट्ट मिटून, आडवा सरकत जायचो. लोक भक्तिभावाने वाट करून द्यायचे.

डोळे शाबूत आहेत की नाहीत हे घरच्या घरी बघायला अ‍ॅम्स्लर ग्रिड असतं. १० सेंटिमीटरचा चौकोन, त्यात ५ मिलिमीटरची ४०० घरं, मधोमध ठिपका. एक डोळा झाकून हातभरापेक्षा जरा कमी अंतरावरून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या किंवा घरं गायब झाली तर डॉक्टर गाठायचा. मी ते फ्रिजवर लावलं आणि दूध काढताना उजवा, ठेवताना डावा अशी शिस्त घालून घेतली. एका सकाळी खालच्या कोपऱ्यातल्या घरांत चक्क गोळे आणि फुल्या दिसल्या. मी तसाच, एक डोळा झाकलेला, खुर्चीवर बसलो. मुलगी शांतपणे येऊन म्हणाली, "बाबा, ते खोडू नका हं, माझी फुली यायची आहे."

शेवटी बायकोनेच डॉक्टरबाईंची वेळ घेतली. थेंब घालून माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या. लेझरच्या नियमावलीत हिशोबाला ७ मिलिमीटरची बाहुली धरतात, अंधारात सताड उघडलेली. माझी आता तशी झाली होती, आणि नेमका तोच मुहूर्त साधून बाई झगझगीत दिवा घेऊन पुढे सरसावल्या. मग ओसीटी. हनुवटी टेकवून आत बघायचं. हे यंत्र अवरक्त प्रकाशाने पडद्याचे थर मोजतं हे मला ठाऊक होतं. मी हनुवटी न हलवता विचारलं, "किती मिलिवॅट?"

"बोलू नका, फोटो हलतो."

फोटो छान आला. पडदा निर्मळ, मधला खळगा जागच्या जागी. "लेझरचं काही नाही," बाई म्हणाल्या, "पण चाळिशी लागलीय. वाचायला चष्मा लागेल." मी आनंदाने जवळजवळ टाळी वाजवली. चष्म्यावर गॉगल बसत नाही हे चार पावलं चालल्यावर लक्षात आलं.

खालीच चष्म्याचं दुकान होतं. बायको माझ्या नाकावर फ्रेमा चढवून उतरवत होती. दुकानदाराने विचारलं, "काच कुठली देऊ साहेब? साधी, अँटीग्लेअर, की ब्लू कट? ब्लू कट निळा प्रकाश अडवते."

मी ताठ बसलो. "४५० नॅनोमीटरला ओडी किती?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. ती म्हणाली, "ब्लू कटच द्या. आणि ती तपकिरी फ्रेम. चेहरा जरा भरलेला दिसतो त्यात."